एका अंड्याचा पक्षी : वेंगुर्ल्याच्या खडकांवरील सुरय

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी निसर्गाभ्यासविषयक व्याख्यान)



जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेले आहेत. येथील मुलांच्या दृष्टीस डोंगरकडे, भातखाचरे, बाजरीची व कांद्याची शेते नित्य पडतात. समुद्र मात्र त्यांपैकी अनेकांनी चित्रातच पाहिलेला असतो. असे असता प्राथमिक शाळेतील निसर्गाभ्यासासाठी समुद्रपक्ष्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न सहजच उपस्थित होईल. त्याचे उत्तर फार दूर शोधावयास नको. सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांत उतरलेला माल ज्या वाटेने घाटमाथ्यावर येई, तो नाणेघाट जुन्नर तालुक्याच्या सीमेवरच आहे. ज्या वाऱ्यांवर येथील भाताची लावणी अवलंबून आहे, ते वारे अरबी समुद्रावरूनच सह्याद्री चढून येतात. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यास लागलेले 'निसर्ग' चक्रीवादळ पुणे जिल्हा ओलांडून ईशान्येस गेले, तेव्हा तर समुद्र किती जवळ आहे याचा प्रत्यय या भागातील घरांच्या पत्र्यांनी व मोडलेल्या झाडांनीच दिला. अशा वादळांबरोबर केवळ पाऊस येत नाही. भर समुद्रावर राहणारे पक्षीही वाऱ्याच्या तडाख्याने भूमीवर लोटले जातात, आणि क्वचित घाटमाथ्याच्या पलीकडेही येऊन पडतात. असा एखादा पक्षी शाळेच्या आवारात सापडला, तर तो कोण, कोठला आणि त्याचे काय करावे, हे शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

परंतु या विषयाचे महत्त्व तेवढेच नाही. ज्या पक्ष्याचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्याचा एक जवळचा नातलग गोड्या पाण्यावर राहतो, आणि त्या दोघांची अडचण एकच आहे. ती अडचण समजली म्हणजे दूरच्या खडकावरचा पक्षी आणि गावाजवळच्या धरणातला पक्षी ही एकाच धड्याची दोन पाने आहेत, हे ध्यानात येईल.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या वायव्येस, किनाऱ्यापासून काही मैल आत समुद्रात लहानमोठ्या खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. इंग्रजी नकाशांत त्यास 'वेंगुर्ला रॉक्स' म्हणतात. किनाऱ्यावरील लोक 'निवती रॉक' या नावानेही त्यास ओळखतात. पोर्तुगीज खलाशांनी या बेटांना 'जळकी बेटे' अशा अर्थाचे नाव दिले होते. जहाजांना धोका होऊ नये म्हणून तेथे दीपगृह उभारलेले आहे. बेटांवर शेती नाही, वस्ती नाही. खडकांच्या पायथ्याशी लाटा आदळतात, कड्यांत गुहा व कपारी आहेत. मनुष्याच्या दृष्टीने निरुपयोगी वाटणारी ही जागा काही पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र सर्व किनाऱ्यात मोलाची आहे.

या खडकांवर वीण करणाऱ्या पक्ष्यांपैकी एकाचे इंग्रजी नाव 'ब्रायडल्ड टर्न' असे आहे. टर्न म्हणजे सुरय. ब्रायडल म्हणजे घोड्याचा लगाम. या पक्ष्याच्या चोचीपासून डोळ्यापर्यंत एक काळी पट्टी जाते. ती घोड्याच्या तोंडावरील चामड्याच्या पट्टीसारखी दिसते, म्हणून हे नाव. मराठीत त्यास 'लगामी सुरय' म्हणावयास हरकत नाही. त्याची लांबी ३० ते ३२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पारव्याइतकी असते. परंतु वजन पारव्याच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे सव्वाशे ग्रॅम भरते. पंख पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ८० सेंटिमीटर होते. हलके शरीर आणि लांब, निमुळते पंख ही दीर्घ उड्डाणासाठीची योजना होय. पाठ करड्या तपकिरी रंगाची, डोके काळे, पोट पांढरे, शेपटी खोल दुभंगलेली. कपाळावर पांढरा पट्टा असतो आणि तो बारीक होत होत भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो. याचा जवळचा भाऊबंद 'सूटी टर्न', म्हणजे काजळी सुरय. त्याची पाठ काळी असते आणि कपाळावरील पांढरा रंग डोळ्यापाशीच थांबतो. या दोघांत भेद करण्याची खूण म्हणजे ती भुवई होय.

रंगांची ही वाटणीही निर्हेतुक नाही. वरून पाहणाऱ्यास गडद पाठ समुद्राच्या गडद पाण्यात मिसळून जाते; खालून पाहणाऱ्या माशास पांढरे पोट उजळ आकाशात दिसेनासे होते. अनेक समुद्रपक्ष्यांत आणि माशांतही हीच योजना आढळते. बाजारातून आणलेला बांगडा मुलांपुढे ठेवला, तर त्याची हिरवट निळी पाठ व चंदेरी पोट पाहून हा मुद्दा एका क्षणात त्यांच्या ध्यानी येईल.

लगामी सुरय हा उष्ण कटिबंधातील समुद्रांचा रहिवासी आहे. तांबडा समुद्र, इराणचे आखात, ओमानचा किनारा, सेशेल्स बेटे, पश्चिम ऑस्ट्रेलिया, कॅरिबियन समुद्र अशा दूरदूरच्या ठिकाणी त्याच्या वसाहती आहेत. वर्षाचा मोठा भाग तो भूमीपासून दूर, खुल्या समुद्रावर काढतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पेंग्विन बेटावर वीण करणारे लगामी सुरय वीण संपताच उत्तरेस हजारो किलोमीटर उडून इंडोनेशियातील सुलावेसीच्या उत्तरेकडील समुद्रावर जातात आणि पुढील वर्षी त्याच बेटावर परततात, असे संशोधकांनी सिद्ध केले आहे.

समुद्रावर त्याचे अन्न म्हणजे लहान मासे, माकुळासारखे प्राणी आणि पृष्ठभागावर तरंगणारे इतर जीव. तो खंड्याप्रमाणे खोल बुडी मारीत नाही. पाण्यावर खाली येऊन चोचीने भक्ष्य अलगद उचलतो, किंवा फार तर उथळ सूर मारतो. यामुळे जे मासे पृष्ठभागाजवळ येतील तेवढेच त्याच्या वाट्यास येतात. ते वर येतात कसे? कुप्यासारखे मोठे शिकारी मासे खालून त्यांचा पाठलाग करतात, तेव्हा लहान माशांचे थवे उसळून वर येतात. खालचा शिकारी आणि वरचा शिकारी यांचा असा नकळत सहकार घडतो. पुष्कळ ठिकाणी मच्छीमार पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरूनच माशांचा ठाव घेतात. वाहत आलेले ओंडके, समुद्रशेवाळाचे तरंगते पुंजके यांच्या आश्रयास लहान मासे जमतात, म्हणून लगामी सुरय अशा वस्तूंभोवती नेहमी दिसतो. पाण्यावर बसून राहणे तो शक्यतो टाळतो. ओंडक्यावर, फळीवर, प्रसंगी कासवाच्या पाठीवरही बसून विश्रांती घेतो.

मुलांचा एक प्रश्न येथे हमखास येईल : समुद्रावर हा पक्षी पाणी कोणते पितो? मनुष्याने समुद्राचे पाणी प्याले, तर त्यातील मीठ बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना प्यालेल्या पाण्याहूनही अधिक पाणी खर्चावे लागते आणि तहान भागण्याऐवजी वाढते. समुद्रपक्षी मात्र खारे पाणी पिऊन जगतात. त्यांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूस, कवटीवर, दोन ग्रंथी असतात. रक्तातील जादा मीठ या ग्रंथी गाळून काढतात आणि ते दाट खारट थेंबांच्या रूपाने नाकपुड्यांवाटे बाहेर पडते. हा शोध क्नुट श्मिट-नील्सन या शरीरशास्त्रज्ञाने १९५७ च्या सुमारास पाणकावळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून लावला. तोपर्यंत पक्ष्यांच्या कवटीवरील या ग्रंथी शास्त्रज्ञांना ठाऊक होत्या, परंतु त्यांचे खरे कार्य उमगले नव्हते. एखादी गोष्ट डोळ्यांना दिसणे आणि तिचा अर्थ कळणे यांत किती अंतर असते, हे सांगावयास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

हवा, अन्न, पाणी हे सारे या पक्ष्यास समुद्र पुरवितो. एकच गोष्ट समुद्र देऊ शकत नाही, आणि ती म्हणजे अंडे ठेवण्याची जागा. लाटेवर घरटे बांधता येत नाही. यास्तव समुद्रावर स्वच्छंद फिरणाऱ्या या पक्ष्यास विणीच्या काळी भूमीकडे यावेच लागते. त्याची मागणी फार थोडी आहे : काही चौरस फूट खडक, ऊन लागणार नाही अशी एखादी कपार, आणि सुमारे तीन महिने कोणाचा उपद्रव न होणे.

मादी एका विणीत एकच अंडे घालते. घरटे असे काही नसतेच. खडकाच्या कपारीत, पुढे आलेल्या दगडाखाली किंवा झुडपाच्या आडोशास ते अंडे ठेवलेले असते. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे ते उबवितात. पिल्लू अंगावर करडी लव घेऊनच बाहेर पडते. धोक्याची चाहूल लागताच ते कपारीत दडून निश्चल बसते. त्यास उडता येण्यास आणखी सुमारे दोन महिने लागतात. तोवर आईबाप समुद्रावर दूर जाऊन मासे आणतात व भरवितात. त्यानंतर ते समुद्रावर जाते, आणि पुन्हा स्वतःची वीण करावयास लागण्यापूर्वी काही वर्षे लोटतात. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. गावठी कोंबडी एका खेपेस डझनभर अंडी उबविते. त्यांतील चार वाया गेली तरी आठ पिल्ले उरतात. लगामी सुरयाचे एक अंडे गेले, की त्या जोडप्याची ती सारी वीण बहुधा फुकट जाते. असे काही वर्षे सलग घडले, तर म्हातारे पक्षी येत राहतात, वसाहत भरलेली दिसते, परंतु तिच्यात तरुण पक्षी उरत नाहीत. ऱ्हास डोळ्यांना दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

विणीचा काळही सर्वत्र एकच नसतो. सेशेल्स बेटांवर हे पक्षी वर्षाच्या पंचांगास न जुमानता साधारण आठ महिन्यांनी पुन्हा विणीस लागतात, असे तेथील अभ्यासात आढळले. अरबी समुद्राच्या परिसरात मात्र ऋतूंचे बंधन कडक आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांवर त्यांची वीण उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंतच्या काळात होते. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले, की किनाऱ्याच्या दक्षिण भागात खोलातील थंड व पोषक द्रव्यांनी युक्त पाणी वर येते, सूक्ष्म जीवांची वाढ होते आणि त्यांवर पोसणाऱ्या तारली, बांगड्यासारख्या माशांची चलती होते. शिवाय समुद्र खवळल्यामुळे लहान होड्या खडकांपर्यंत जाऊ शकत नाहीत. १ जून ते ३१ जुलै हा महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदीचा काळही असतो. ज्या पावसाची जुन्नरचा शेतकरी आकाशाकडे डोळे लावून वाट पाहतो, तोच पाऊस तिकडे या पक्ष्यांच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा असतो.

या खडकांकडे पक्षिशास्त्रज्ञांचे लक्ष बरेच पूर्वी वेधले गेले. ज्यांचे नाव राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांत घेतले जाते, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्या काळचे मोठे पक्षी-अभ्यासक होते. १८७५ मध्ये लक्षद्वीपच्या सफरीच्या वेळी त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील या बेटांची पाहणी केली व ती आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे मुंबईचे हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय व पाकोळ्यांचा अभ्यास करून त्यावरील लेख १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली असून तिच्या अंकांतील अशा नोंदींवरच भारतीय पक्षिशास्त्राची इमारत उभी आहे. त्या नोंदी करणाऱ्यांपाशी फार मोठी साधने नव्हती. वही, दुर्बीण, होडी आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर हे काम झाले.

आता या पक्ष्याच्या शास्त्रीय नावाकडे वळू जाता एक विलक्षण गोष्ट दिसते. त्याचे नाव 'ओनिकोप्रायन अ‍ॅनेथेटस' असे आहे. यातील दुसरा शब्द १७८६ मध्ये स्कोपोली या शास्त्रज्ञाने दिला. तो ग्रीक भाषेतून घेतलेला असून त्याचा अर्थ 'संवेदनाशून्य', 'निर्बुद्ध' असा होतो. हा अन्याय या एकाच पक्ष्यावर झालेला नाही. 'नॉडी' या दुसऱ्या समुद्रपक्ष्याचे शास्त्रीय नाव 'अ‍ॅनस स्टोलिडस' आहे. त्यातील एक शब्द ग्रीक, दुसरा लॅटिन, आणि दोहोंचाही अर्थ मूर्ख. 'बूबी' या पक्ष्याचे नाव स्पॅनिश भाषेतील मूर्ख या अर्थाच्या शब्दावरून आले. खलाशी निर्जन बेटांवर उतरत, तेव्हा हे पक्षी अंड्यावरून हलत नसत, किंवा जहाजाच्या डोलकाठीवर बसले असता हाताने पकडू देत. जो पळत नाही तो मूर्ख, असा निष्कर्ष दर्यावर्दी लोकांनी काढला आणि विद्वानांनी तो लॅटिनमध्ये नोंदविला.

वस्तुतः पाहता, जेथे हजारो वर्षे कोल्हा नाही, मांजर नाही, मनुष्य नाही, तेथे पायांनी चालत येणाऱ्याचे भय कोठून शिकावे? आणि एकुलते एक अंडे उन्हात वा समुद्रकावळ्यांच्या तोंडी टाकून उडून जाणे हे शहाणपण कसे ठरावे? या कुळाच्या बुद्धीविषयी पुरावा हवा असेल, तर तो एका प्रसिद्ध प्रयोगात मिळतो. वर्तनवादाचे प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव शिक्षकांनी अध्यापनशास्त्राच्या अभ्यासात वाचलेले असते, त्या जॉन वॉटसन यांनी १९०७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाजवळील ड्राय टॉर्टुगास बेटांवर काजळी सुरय व नॉडी या पक्ष्यांचे निरीक्षण केले. त्यांनी काही पक्षी खुणा करून जहाजाने शेकडो मैल दूर, जेथे ते पक्षी एरवी जात नाहीत अशा उत्तरेकडील सागरात नेऊन सोडले. काही दिवसांत ते पक्षी आपल्या घरट्यावर परत आले. खुणेचे झाड नाही, वाट नाही, पाण्यावर पाऊलखूण नाही. तरीही ते आपल्या नेमक्या बेटावर पोहोचले. ज्यास निर्बुद्ध म्हटले, त्याचा नातलग नकाशावाचून घरी परतला. वर्गातील एखाद्या अबोल मुलाविषयी घाईने मत बनविण्यापूर्वी हे उदाहरण शिक्षकांनी आठवावे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

या पक्ष्यास जगभराचा विचार करता आज लगेच नष्ट होण्याचे भय नाही. तथापि त्याच्या एकेका वसाहतीचे तसे नाही. जगातील अनेक बेटांवर जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी व मांजरांनी समुद्रपक्ष्यांच्या वसाहती उद्ध्वस्त केल्या आहेत. वेंगुर्ल्याच्या खडकांवरील गुहांत राहणाऱ्या भारतीय पाकोळीची कथाही बोधप्रद आहे. ही पाकोळी लाळेने घरटे बांधते. परदेशात त्या घरट्यांचे सूप करतात, त्यामुळे त्यांस मोठी किंमत येते. आणि अंडी व पिल्ले फेकून घरटी खरवडून नेण्याचे प्रकार येथे घडत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने या पाकोळ्यांच्या संरक्षणासाठी पुष्कळ परिश्रम घेतले. अलीकडे सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर पर्यटन वाढत आहे. निवती खडकाच्या परिसरात नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' समुद्रतळाशी ठेवून पर्यटन प्रकल्प उभारण्याचे काम २०२५ मध्ये हाती घेण्यात आले. किनाऱ्यावरील लोकांना रोजगार मिळावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच आहे की, पाहावयास येणाऱ्यांनी विणीच्या दिवसांत खडकांवर पाऊल ठेवू नये. दुरून होडीतून पाहिल्याने पक्ष्याचे काही बिघडत नाही. पाऊल पडले की पक्षी उठतो, अंडे उघडे पडते, आणि पुढचे काम ऊन व समुद्रकावळे करतात.

येथवर दूरच्या समुद्राची गोष्ट झाली. आता तिचे दुसरे पान उलटावयाचे आहे. कुकडी प्रकल्पाने या दोन तालुक्यांत मोठे जलाशय निर्माण केले : कुकडी नदीवर माणिकडोह व येडगाव, मीना नदीवर वडज, घोड नदीवर डिंभे, आणि पिंपळगाव जोगे. मोठ्या नद्या व असे जलाशय हे नदी सुरय या पक्ष्याचे वसतिस्थान होय. पुणे जिल्ह्यात उजनीच्या पाणलोटावर, भिगवणच्या बाजूस, तो पाहावयास मिळतो. लगामी सुरयापेक्षा तो आकाराने मोठा, सुमारे ४० सेंटिमीटर लांब असतो. पाठ फिकट राखी, चोच पिवळीधमक, पाय तांबडे, शेपटी लांब व दुभंगलेली, आणि विणीच्या दिवसांत डोक्यावर जणू काळी टोपी. पाण्यावर संथ फिरता फिरता तो एकाएकी सूर मारून मासा उचलतो. एकदा पाहिला म्हणजे विसरत नाही.

मार्च ते मे या काळात जलाशयांचे पाणी ओसरते आणि वाळूचे पट्टे, उघडी बेटे वर येतात. नदी सुरय अशाच जागी, उघड्या वाळूत किंचित खोलगट करून दोन-तीन ठिपकेदार अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळू-खड्यांशी इतका मिळतो की, ती पायाखाली आली तरी कळत नाहीत. भर उन्हाळ्यात त्या वाळूवर बसणारा पक्षी अंडी उबवीत नसून पुष्कळदा त्यांवर सावली धरीत असतो. तो आपले पोट पाण्यात भिजवून येतो व ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवितो. अशा वेळी कोणी जवळ गेले आणि पक्षी उठून डोक्यावर घिरट्या घालू लागला, तर थोड्याच वेळात अंड्यातील जीव उन्हाने मरू शकतो. जनावरांची वर्दळ, कुत्री, वाळूचा उपसा, गाळपेर जमिनीतील कामे, धरणाच्या पाण्याची अकस्मात चढउतार ही त्याच्या विणीची संकटे होत. जागतिक पातळीवर या पक्ष्याची गणना आता धोक्यात आलेल्या जातींत होते. समुद्रावरच्या भावापेक्षा नदीकाठच्या भावाची अवस्था अधिक कठीण आहे, आणि तो आपल्या दाराशी आहे.

यासाठी या दोन तालुक्यांतील शाळांना करण्याजोगे काम फार खर्चाचे नाही. धरणकाठच्या शाळांनी फेब्रुवारीच्या अखेरीपासून उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी, काठावरील एकाच जागेवरून पाण्याकडे अर्धा तास पाहावे. वहीत दिनांक, वेळ, पाण्याची पातळी, उघड्या पडलेल्या बेटांची संख्या आणि दिसलेले सुरय नोंदवावेत. एकही पक्षी न दिसला, तर तसेच लिहावे. 'दिसला नाही' ही नोंदही तितकीच खरी व उपयोगी असते. पक्षी एखाद्या बेटावर वारंवार उतरत असेल, तर तेथे जाऊ नये. मुलांना नेऊन अंडी दाखविण्याचा मोह शिक्षकांनी कटाक्षाने टाळावा. डिंभे जलाशयात धरणग्रस्त आदिवासी कुटुंबे मासेमारी करतात. कोणत्या बेटावर कोणते पक्षी कधी बसतात, हे त्यांच्याइतके अन्य कोणास ठाऊक असणार? अशा पालकांस शाळेत सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून ही माहिती मुलांना ऐकवावी. होडी त्या बेटापासून थोडी दुरून नेण्याचे महत्त्वही त्यांना मुलांकडूनच उत्तम रीतीने कळेल.

ज्या शाळा धरणापासून दूर आहेत, त्यांनी कोंबडीचे गळून पडलेले पीस घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडावा व तो कसा ओघळतो ते मुलांस दाखवावे; मग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळविलेल्या पिसावर तोच प्रयोग करावा. पिसांची निगा पक्ष्यास किती महत्त्वाची असते, आणि समुद्रात सांडलेले तेल पक्ष्यांचा घात का करते, हे समजावून देण्यास हा प्रयोग पुरेसा आहे.

शेवटी वादळात सापडलेल्या पक्ष्याविषयी. जून ते ऑगस्टच्या दरम्यान, जोराच्या वाऱ्यानंतर, लांब निमुळत्या पंखांचा, थकून जमिनीवर बसलेला अनोळखी पक्षी आढळला, तर त्यास पाण्यात सोडू नये. समुद्रपक्षी म्हणून त्यास हौदात टाकणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय. थकलेल्या पक्ष्याची पिसे भिजून तो गारठतो. त्याच्या तोंडात बळेच पाणी वा अन्न घालू नये. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड अंथरून त्यास अलगद ठेवावे, खोके अंधाऱ्या व शांत जागी असावे, आणि विनाविलंब वनविभागास कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानपक्षी पकडून ठेवणे किंवा त्याची अंडी घेणे हा गुन्हा आहे, हेही मुलांना त्याच वेळी सांगावे. पक्षी उचलताना हात कापडात गुंडाळावेत व नंतर साबणाने धुवावेत.

लगामी सुरयास मनुष्याकडून अन्न नको, घर नको, औषध नको. त्यास हवी आहे ती काही महिन्यांपुरती एक ओसाड जागा, जेथे कोणी येणार नाही. नदी सुरयाची मागणीही हीच आहे. काही चांगले करावयाचे तर काहीतरी केलेच पाहिजे, अशी समजूत लहानपणापासून मनात रुजते. दूर उभे राहून, हात न लावता, एखाद्या जीवाचे चालू द्यावे, हेही एक काम आहे आणि ते शिकवावे लागते. ते शिकविण्यास मोठी इमारत लागत नाही. धरणाचा काठ, एक वही आणि अर्ध्या तासाचे मौन पुरते. येत्या उन्हाळ्यात या दोन तालुक्यांतील जितक्या शाळांच्या वह्यांत अशा नोंदी जमतील, तितका या व्याख्यानाचा उद्देश सफल झाला असे समजावे.